नुसतं झाडपाल्याचं

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी भूलतज्ज्ञांकडे तपासणी असते, तिला मी सोबत गेले होते. डॉक्टर वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. याआधी कधी भूल दिली होती का, जिना चढताना दम लागतो का, एखादा दात हलतोय का, असं एकेक विचारत त्या समोरच्या कागदावर खुणा करत होत्या. ‘रोजची औषधं कोणती?’ यावर मावशीने चटकन सांगून टाकलं, ‘सकाळी बीपीची एक गोळी. बाकी काही नाही.’ एरवी विषय इथेच संपतो. पण त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. ‘आणि काकू, तुमचं तुम्ही काही आणून घेता का? पावडर, कॅप्सूल, ऑनलाइन मागवलेलं काही?’ मावशी हसली. ‘ते होय? घेते की. पण ते नुसतं झाडपाल्याचं आहे.’ मग एकेक बाटली बाहेर येऊ लागली. सांध्यांसाठी हळदीचा अर्क. झोपेसाठी अश्वगंधा. विसरायला होतं म्हणून गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. कोलेस्टेरॉलसाठी लसणाच्या तेलाच्या मऊ कॅप्सूल. वजन उतरावं म्हणून ग्रीन टीचा अर्क, ‘पण तो कधीमधीच.’ डॉक्टर लिहीत राहिल्या, कागद उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं, आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. गिंको आणि लसूण रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात. अश्वगंधेची गुंगी भुलेच्या औषधांच्या गुंगीत भर घालू शकते. आणि हळदीतल्या कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. आत खडे असताना ते नको असतं. त्यांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. मावशी मान हलवत होती, पण तिचा चेहरा पडला होता.

तारीख पुढे गेली याचं मला फारसं काही वाटलं नाही. मनात रुतून बसलं ते तिचं ‘नुसतं’.

कारण हीच मावशी त्या बाटल्यांबद्दल एरवी किती बोलते! अश्वगंधेने झोप कशी ‘आतून’ लागते, हळदीच्या कॅप्सूलने गुडघा कसा सुटा झाला, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की मला ते पाठ आहे. तिच्या तोंडी त्या वनस्पती एरवी चमत्कार करतात. आणि डॉक्टरांनी विचारल्याबरोबर त्या एकदम पाण्यासारख्या निरुपद्रवी झाल्या, सांगायच्याही लायकीच्या राहिल्या नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी खऱ्या वाटतात. भलं करण्याइतकी ताकद झाडपाल्यात आहे, पण वाईट करण्याइतकी नाही. यात ती एकटीही नाही. हिरव्या पानाचं चित्र असलेली बाटली हातात घेणारे आपण जवळजवळ सगळेच हा हिशेब न बोलता मान्य करून बसलोय.

आणि घेणारे आता थोडे राहिलेले नाहीत. यकृताला अपाय करू शकतात अशी ज्यांच्याबद्दल शंका आहे अशा फक्त 6 वनस्पतिजन्य पदार्थांची एक पाहणी 2024 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यात हळद, ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधाही होती. गेल्या महिन्याभरात या सहांपैकी किमान एक घेतलेले प्रौढ त्या एका देशात दीड कोटीच्या वर निघाले. आकडा तिथला, पण चित्र कुठलंही असू शकेल. केसांसाठी कुणी, त्वचेसाठी कुणी, ताणासाठी तर सगळेच. व्यायामशाळेत जाणाऱ्यांची वाटाण्याच्या प्रथिनांची डबडी, ऑफिसच्या ड्रॉवरमधली आवळ्याची नाहीतर शेवग्याची पावडर. करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घराघरांत शिरला, तो मुक्कामालाच राहिला.

मावशीच्या घरी या बाटल्या कुठे असतात ते पाहण्यासारखं आहे. बीपीची गोळी कपाटात, आतल्या डब्यात, पाहुण्यांना दिसणार नाही अशी. या मात्र खिडकीजवळच्या फळीवर, ओळीने, लेबलं पुढे करून. तपकिरी काच, पांढरं झाकण, आत कापसाचा बोळा. अश्वगंधेचं झाकण उघडलं की ओलसर तबेल्यासारखा उग्र वास येतो. हळदीची कॅप्सूल बोटांना पिवळा डाग देते आणि तो दिवसभर जात नाही. लसणाची गोळी गिळल्यावर तासाभराने तिची आठवण घशातून परत वर येते. हे सगळं मावशीला आवडतं. वास येतो म्हणजे माल खरा, डाग पडतो म्हणजे दम आहे. गोळीला ना रंग ना रूप ना वास. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर दुसऱ्याच्या शब्दावर. शिवाय गोळी तिला रोज सांगते की तू आजारी आहेस. बाटल्या सांगतात की तू स्वतःची काळजी घेतेस. काय लपवायचं आणि काय मांडून ठेवायचं, हे त्यावरच ठरलं असणार.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला मान्य करावीच लागते. मावशीच्या आयुष्यात आता फार थोडे निर्णय तिचे राहिलेत. कुठे राहायचं, कुणाकडे तपासायचं, काय खायचं, सगळं मुलं ठरवतात. डॉक्टर पाच मिनिटांत कागद लिहून पुढच्याला हाक मारतात. बाटली निवडताना मात्र तिला कुणी मध्येच तोडत नाही. ती मैत्रिणींना फोन करून विचारते, भिंगातून लेबल वाचते, दोन कंपन्यांची तुलना करते. गुडघा दुखतो म्हटल्यावर ‘वयोमानाने होणारच’ असं बाटली म्हणत नाही. या धंद्यावर मी कितीही चिडले तरी हे त्याने हेरलंय, आणि दवाखान्यांनी हेरलेलं नाही.

पण झाडं आपल्यासाठी काही बनवत नाहीत. हे मला फार उशिरा, कुठल्याशा वनस्पतिशास्त्राच्या लेखात वाचताना उमगलं आणि मग सगळ्या बाटल्यांकडे बघायची नजरच बदलली. झाडाला पळता येत नाही. किडा आला, बुरशी आली, गुरं आली की त्याला जागेवर उभं राहूनच लढायचं असतं. त्यामुळे ते रसायनं बनवतं. कॅफीन आणि निकोटीन ही मुळात कीटकांसाठीची शस्त्रं. ज्यांना आपण ‘औषधी गुण’ म्हणतो त्यातले कितीतरी असेच, दुसऱ्या कुणाच्या तरी मज्जासंस्थेवर नेम धरून तयार झालेले. आपल्या शरीराला हे ठाऊक आहे. म्हणून अनोळखी रेणू आत आला की यकृत त्याची विल्हेवाट लावायच्या तयारीला लागतं, मग तो कारखान्यातून आलेला असो की कुंडीतून. यकृत लेबल वाचत नाही.

सेंट जॉन्स वर्ट नावाच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाची गोष्ट यात मला सगळ्यात बोलकी वाटते. मन उदास असेल तर त्याचा अर्क घेतात, आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात त्याचा उपयोग होतो असं दाखवणारे बऱ्यापैकी अभ्यासही आहेत. म्हणजे हे थोतांड नव्हे. पण त्यातला हायपरफोरिन हा घटक यकृतातल्या एका एन्झाइमची पैदास वाढवतो, आणि नेमकं तेच एन्झाइम कितीतरी इतर औषधांना मोडून बाहेर काढत असतं. 2000 साली निरोगी स्वयंसेवकांना एचआयव्हीवरचं इंडिनाविर हे औषध या अर्कासोबत देऊन पाहिलं, तर शरीराला मिळणारं औषध सरासरी 57 टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी झुरिचमधून दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. दोघांनाही दुसऱ्याचं हृदय बसवलेलं. शरीराने ते नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन चालू. दोघांनी मधल्या काळात हा अर्क घ्यायला सुरुवात केली, रक्तातलं सायक्लोस्पोरिन खाली गेलं आणि शरीर नव्या हृदयावर उठलं. अर्क बंद केल्यावर औषधाची पातळी पुन्हा जागेवर आली. म्हणजे त्या झुडपाने थेट इजा अशी केलीच नाही. त्याने फक्त दुसऱ्या औषधाला घराबाहेर काढलं. अशा वेळी ‘मी हेही घेतो’ एवढं एक वाक्य किती मोलाचं असतं!

हे सगळं वाचून मी झाडपाल्यावर उखडले असेन असं वाटेल. उलट झालं. मला त्याचा वचक वाटायला लागला, आणि वचकाबरोबर आदरही.

विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरला 1775 साली कुणीतरी एका म्हातारीची घरगुती कृती दाखवली. अंगावर सूज आलेल्यांना ती एक काढा देत असे आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी कधीकधी त्याने बरे होत. त्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंगने तर्क केला की यातलं खरं काम करणारी एकच असावी, फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. इतरांनी इथे ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून पाटी लावली असती. हा माणूस पुढची दहा वर्षं मात्रा मोजत बसला. सुरुवातीला त्याचीच मात्रा जास्त होत होती. रोग्यांना उलट्या होत, नाडी मंदावे. पान कधी तोडलं यावर त्याची ताकद बदलते हे ध्यानात आल्यावर त्याने ठरवलं की फूल येण्याच्या वेळचीच पानं घ्यायची, वाळवून, दळून, वजन करून. 1785 मध्ये त्याने शंभराहून अधिक रोग्यांच्या नोंदी छापल्या, फसलेल्यांच्याही. त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका फॉक्सग्लव्हच्या पानातून पुढे निघालेलं डिगॉक्सिन आजही हृदयाच्या औषधांत आहे, आणि आजही ते रक्तात मोजून द्यावं लागतं, कारण तारणाऱ्या आणि मारणाऱ्या मात्रेत अंतर फार थोडं आहे. त्या म्हातारीच्या काढ्यावर मनापासून विश्वास कुणी ठेवला असेल तर तो विदरिंगने. त्याने तिच्या पानाला ‘नुसतं’ मानलं नाही.

आता मावशीची हळद घ्या. स्वयंपाकात पडणाऱ्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के, आणि त्यातलंही बहुतेक आतड्यातून रक्तात शिरतच नाही. शरीर त्याला दारातूनच परत पाठवतं. कॅप्सूल बनवणाऱ्यांपुढची अडचण हीच. मग 1998 मध्ये एक प्रयोग झाला: 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपेरिन 20 मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तातली कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून लेबलांवर ‘मिऱ्याच्या अर्कासह’ असं अभिमानाने छापलं जातं. पिपेरिन हे कसं करतं, तर परकी द्रव्यं निकामी करण्याचं यकृताचं आणि आतड्याचं काम मंदावून. म्हणजे ज्या पहारेकऱ्याने हळदीला इतकी वर्षं अडवलं त्यालाच आपण झोपवलं, आणि मग म्हणायचं की हळद तर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. पिढ्यांनी जे खाल्लं ते हे नव्हे. औषधांमुळे आणि सप्लिमेंटमुळे यकृताला झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने हळदीशी जोडलेले 10 रुग्ण प्रसिद्ध केले. त्यातल्या सात जणांत एका जनुकाचा तोच विशिष्ट प्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही तोच प्रकार जास्त आढळतो. लाखो लोक ही कॅप्सूल घेतात आणि त्यांना काहीही होत नाही, हेही तितकंच खरं. पण ते जनुक आपल्यात आहे की नाही हे बाटली उघडताना कुणाला ठाऊक असतं?

बाटलीत लिहिलंय तेच आत आहे का, हा तर आणखी वेगळा गुंता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पती वापरल्या जात. त्यातल्या एकीच्या जागी नावसाधर्म्यामुळे दुसरीच आली, ॲरिस्टोलोकिया. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. पुढे त्यातल्या कित्येकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. त्या मिश्रणात आलेली ती वनस्पती शंभर टक्के नैसर्गिक होती. दुसऱ्या टोकाला, 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दुकानांतल्या बाटल्यांची डीएनए तपासणी करून घेतली, तर फक्त 21 टक्के चाचण्यांत लेबलवरची वनस्पती सापडली. गदारोळ झाला. मात्र उत्पादकांचं एक म्हणणं रास्त होतं: अर्क काढताना डीएनए बहुतेकदा उरत नाही, तेव्हा तो सापडला नाही म्हणून वनस्पती नव्हती असं ठरत नाही. मला यातलं गंमतीचं वाटतं ते हे की, इतकी साधी गोष्ट ठरवायचीसुद्धा सगळ्यांना पटेल अशी रीत तेव्हा हाताशी नव्हती. तिथल्या 1994च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी त्याची सुरक्षितता किंवा उपयोग सरकारकडे सिद्ध करावा लागत नाही. अपाय होतो हे नंतर सरकारने दाखवायचं. इफेड्रा या वजन घटवणाऱ्या वनस्पतीवर बंदी यायला 2004 उजाडलं, आणि तोपर्यंत माणसं दगावली होती. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली तेव्हा ते वाचून माझ्याही कपाळावर आठी चढली, ‘इतकं काय त्यात’ असं वाटलं. आपल्या ओळखीच्या झाडाबद्दल कुणी वाकडं बोललं की आपण वकीलपत्र घेतोच.

गिंकोचं मात्र मी मावशीला सांगितलं. बरं वाटायला लागल्यावर, ऑपरेशन नीट पार पडून ती घरी आल्यावर. 75 च्या पुढच्या 3069 लोकांना घेऊन केलेला प्रयोग, अर्ध्यांना दिवसाला 240 मिलिग्रॅम गिंको, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, सहा वर्षांच्या आसपास. स्मृतिभ्रंश होण्यात काही फरक नाही. 2008 साली निकाल लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अगं, त्यांना नसेल पडला. मला पडतो.’ आता यावर काय बोलायचं? तीन हजार माणसांच्या सरासरीत मावशी नाही, हे तिचं बरोबर आहे. मावशी एकटी घेऊन प्रयोग होत नाही, हे माझं बरोबर आहे. मी गप्प बसले. गिंको तिने पुन्हा सुरू केली, ग्रीन टीचा अर्क टाकून दिला. बाटल्यांची यादी मात्र आता बीपीच्या गोळीच्या डब्यात, तिच्या अक्षरात, चिठ्ठीवर आहे. हे तिने माझ्या सांगण्यावरून केलं नाही. त्या भुलेच्या डॉक्टरांनी कागद उलटून लिहिलं होतं ना, ते तिला आवडलं होतं म्हणे. ‘सगळं लिहून घेतलं बाईंनी. हसल्या नाहीत.’

माझी भाची या सगळ्यात वेगळ्या वाटेने आलीय. तिने प्राण्यांपासून येणारं सगळं सोडलंय, दूधसुद्धा, आणि तिच्याकडची डबडी मावशीपेक्षाही जास्त. तिने एकदा मला विचारलं, ‘तू काहीच घेत नाहीस का गं?’ घेते. बी12 घेते, जे कुठलंही झाड बनवत नाही, प्राणीही बनवत नाही. ते काम फक्त सूक्ष्मजीवांचं. स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांवर बी12 लिहिलेलं असतं, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला उपयोगी न पडणारं, नुसतं तसं दिसणारं. आणि शैवालातून काढलेलं ओमेगा-3 घेते. माशाच्या तेलात ते येतं कुठून, तर मासे शेवटी शैवालावरच पोसलेले असतात. इथे मला झाडपाल्याच्या बाजूचा युक्तिवाद मनापासून पटतो. मासा वगळून थेट मुळाशी जायचं. भाचीला हे आधीच माहीत होतं. तिने उलट मला वाटाण्याच्या प्रथिनांबद्दल सांगितलं. मुळं जमिनीतून जे मिळेल ते ओढतात, शिसं आणि कॅडमियमही, आणि प्रथिनं वेगळी काढून दाट करताना हे धातूही पावडरीत येतात. म्हणून तिने कंपनीला लिहून तिच्या डब्यावरच्या बॅचचा तपासणी अहवाल मागवला होता. तो फोनवर उघडून तिने मला दाखवला. चार रकाने, बारीक अक्षरं. शिशाच्या ओळीपुढे तिने बोट ठेवलं.

‘शून्य नाहीये,’ ती म्हणाली, ‘पण लिहिलाय तरी.’